मॅडम गोंद्वेंचा तिसरा तास

लुसुंगू गोंद्वे या बाईंवर दोन पानं लिहून द्या, असं हेडमास्तर म्हणाले. बाईंना बढती मिळाली आहे, त्या म्झुझूच्या शिक्षक-कॉलेजात चालल्या आहेत. निरोपाच्या दिवशी कोणीतरी चांगलं इंग्रजी वाचायला हवं, आणि आमच्या कावेया शाळेत चांगलं इंग्रजी म्हणजे लामेक म्सिस्का, म्हणजे मी. तीन वेळा लिहायला बसलो. ‘कष्टाळू, मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय.’ तिन्ही वेळा कागद चुरगाळून टाकला. हेडमास्तरांना हवी तशी दोन पानं मी देईनच. हे लिखाण वेगळं आहे. यात पहिल्यांदा सांगायचं ते हे, की मी या बाईवर जळत होतो. वरवर नाही, चांगला आतून, जेवण गोड लागू नये इतका.

त्या आल्या तेव्हा मला शाळेत बावीस वर्षं झाली होती. रुम्फी भागातले कितीतरी कारकून, दोन नर्सबाया आणि एक पोलीस अधिकारी माझ्या हाताखालून गेलेले. अर्ज कसा लिहायचा ते मी फळ्यावर लिहून द्यायचो आणि मुलं ते पाठ करायची. ‘अत्यंत नम्रतेने आणि जड अंतःकरणाने कळवतो की’ ही सुरुवात माझी. पुढे पुढे गावातलं कुठलंही इंग्रजी पत्र उघडलं तरी ते नम्रतेने आणि जड अंतःकरणानेच सुरू व्हायचं, विषय हरवलेल्या बकरीचा का असेना. मला त्याचा अभिमान होता. थोडासा अजून आहे.

पुस्तकांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची. ही खोली फॉर्म थ्रीच्या वर्गाला मागून लागून. मधे भोकांच्या विटांची भिंत, वारा खेळावा म्हणून बांधलेली. वर्गात मुलं सत्तर आणि इंग्रजीची पुस्तकं एकेचाळीस. मॅडम गोंद्वे पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, पायात रबरी चपला, आणि खांद्याला एवढी मोठी पिशवी की बाई बाजारातून आल्यात का बाजाराला निघाल्यात ते कळू नये.

“सर, पुस्तकं हवी होती.”

“किती?”

“असतील तेवढी द्या.”

“सहा देतो,” मी म्हणालो. “मुलं फाडतात.”

“सत्तर मुलांत सहा?”

“मी बावीस वर्षं असंच चालवतोय, मॅडम.”

त्या “बरं” म्हणाल्या आणि सहासुद्धा न घेता गेल्या. चार दिवसांत येतील मुकाट्याने, असं मला वाटलं. त्या पुस्तकं मागायला पुन्हा कधीच आल्या नाहीत.

शाळेच्या फाटकाशी न्यासोको नावाची बाई मंदासी विकायची. गरम गरम तळलेले पिठाचे गोळे, जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून. मॅडमनी वर्गाला सांगितलं, उद्या मंदासी खा, पण कागद टाकू नका. दुसऱ्या दिवशी सत्तर मुलं सत्तर तेलकट कागद घेऊन बसली. प्रत्येकाच्या हातात अर्धवट बातमी, नाहीतर साबणाच्या जाहिरातीचा कोपरा, नाहीतर कुठल्याशा मंत्र्याचा नुसता हात. मॅडमनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. हे कोणी लिहिलं? आपल्याकडून त्याला काय हवंय? आणि सांगायचं काय टाळलंय?

स्टाफरूममध्ये मी त्यांना ‘मंदासी मॅडम’ असं नाव पाडलं. सगळे हसले. मॅडमही हसल्या, आणि पिशवीतून एक मंदासी काढून माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, “घ्या सर. कागद मात्र परत द्या.” मग सगळे पुन्हा हसले, आणि या खेपेला जास्त हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग ती शर्टाची भानगड झाली. खेळांच्या दिवशी आमचे हेडमास्तर कौंजिकाच्या ढिगातून, म्हणजे परदेशातून गाठोड्यांनी येणाऱ्या जुन्या कपड्यांतून घेतलेला एक नवाकोरा दिसणारा शर्ट घालून आले. छातीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ‘दारू सोडून मला दहा वर्षं झाली’. हेडमास्तर चर्चमधलं मोठं प्रस्थ, आयुष्यात थेंबाला शिवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मॅडमनी वर्गात विचारलं, हा शर्ट खोटं बोलतोय का? तासभर वाद चालला. एक म्हणाला, शर्ट नाही, घालणारा खोटं बोलतोय. दुसरी म्हणाली, घालणाऱ्याला ते आपल्याबद्दल आहे असं वाटतच नाही, मग तो खोटा कसा? तिसरा म्हणाला, ज्याने पहिल्यांदा घातला त्याच्यासाठी तो खरा होता, म्हणजे वाचताना कोणाच्या अंगावर आहे तेही वाचायला पाहिजे. हे सगळं इंग्रजीत! मोडकंतोडकं, वाटेल तसं, पण एकमेकांना अडवत, हातवारे करत. माझ्या वर्गात मुलं इंग्रजी बोलायची ती उभं राहून, पाठ केलेलं. आणि बसली की गप्प.

हे मला कसं माहीत? माझी मुलगी टेम्वा त्या वर्गात होती.

टेम्वा आमची एकुलती एक, तेव्हा पंधरा वर्षांची. तिला अक्षर मी शिकवलं, माझ्या मांडीवर बसवून. अडलेला शब्द घेऊन ती माझ्याकडे यायची, शब्दकोश बाजूला सारून. शाळेत मी सगळ्यांचा सर होतो, पण ओसरीवर मी फक्त तिचा सर होतो, आणि खरं सांगायचं तर मला तीच नोकरी जास्त प्यारी होती. आता ती घरात पाऊल टाकल्यापासून मॅडम. ताटात न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, वाढता वाढता मॅडम, उसिपा मासळीची डोकी खुडता खुडता मॅडम. “अदादा, ऐका ना, आज मॅडमनी काय केलं…” मी विचारत नसे. ती सांगतच राहायची. आणि अडलेला शब्द घेऊन यायची ती बंद झाली. मी एकदा म्हटलं, “शब्द अडत नाहीत का हल्ली?” तर म्हणते, “अडतात की. पण मॅडम म्हणतात, आधी आजूबाजूचं वाच, मग कळतो.”

माझी भीती एकच होती आणि ती मी तेव्हाच नीट ओळखली होती. ही बाई माझी मुलगी माझ्यापासून घेऊन चालली होती.

त्यात मोबाइलवर एक मेसेज आला. परदेशातलं एक विद्यापीठ शिक्षकांच्या मुलांना फुकट शिकवणार, राहणं-जेवण सगळं, फक्त हा मेसेज संध्याकाळपर्यंत वीस जणांना पाठवा. मी पाठवला. वीस काय, तेवीस जणांना पाठवला. टेम्वाचं नाव मनात धरून पाठवला. शिक्षकांच्या गटावरही टाकला. तिसऱ्या दिवशी टेम्वा घरी आली आणि चुलीपाशी तिच्या आईला सांगायला लागली.

“अमामा, आज मॅडमनी एक मेसेज फळ्यावर लिहिला. एवढा मजेशीर! त्यात विद्यापीठाचं नावच नव्हतं. गावाचं नाव नाही, कोणाची सही नाही, आणि घाई मात्र केवढी! आमच्या वर्गातला मापोपा म्हणाला, ज्याने हा खरा मानला त्याला माझी सायकल विकायची आहे. सायकलला चाकंच नाहीत त्याच्या!”

न्यालुहांगा, माझी बायको, पोट धरून हसली. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. टेम्वानेही पाहिलं.

“अदादा… तुम्ही पाठवला होता?”

“कोणाचा होता ते मॅडमनी सांगितलं?”

“नाही. त्या म्हणाल्या, ज्याने पाठवला त्याच्या मनात कोणाचं तरी भलं होतं, त्याला हसू नका. मेसेज बनवणाऱ्याला पकडा.”

हे ऐकून तर मी जास्तच पेटलो. हसल्या असत्या तर परवडलं असतं. बाईने माझी कीव केली होती, आणि तीही माझ्या मुलीसमोर.

त्या आठवड्यापासून मी पुस्तकांच्या खोलीत उभा राहायला लागलो. मंगळवार आणि गुरुवार, तिसरा तास. हातात फडकं, धूळ झटकायला म्हणून. भोकांच्या विटांतून वर्ग दिसायचा नाही, पण मागच्या बाकावर कोणी शिंकलं तरी ऐकू यायचं. मी चुका शोधायला उभा राहिलो होतो. चुका भरपूर सापडत होत्या, मॅडमच्या बोलण्यात आणि मुलांच्याही. पण तास संपल्याची घंटा झाली की मला वाटायचं, एवढ्यात? एकदा त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून घेतली. ‘मोठ्या अक्षरात काय आहे आणि बारीक अक्षरात काय लपवलंय?’ एका मुलीने चूक उत्तर दिलं. बरोबर उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. मी फडकं तोंडावर धरलं.

मग मलाही वाटलं, यात काय मोठंसं! मी माझ्या फॉर्म टूच्या वर्गात टूथपेस्टचं खोकं घेऊन गेलो. खोक्यावरचा सगळा मजकूर फळ्यावर उतरवला, मुलांना वहीत उतरवायला लावला आणि म्हटलं, उद्यापर्यंत पाठ. एका मुलीने हात वर केला.

“सर, हे परीक्षेत येणार?”

“नाही.”

“मग पाठ कशाला?”

खोकं मी घरी परत नेलं.

जून महिन्यात म्हातारा कुम्वेंडा वारला. मोठा माणूस, तंबाखूचं शेत, तीन मुलगे मोठ्या हुद्द्यांवर. आमच्याकडे मयताची बातमी रेडिओवर देतात. लांबच्या नातेवाइकांना बस धरून वेळेत पोहोचता यावं म्हणून ही सोय आहे, पण त्यात नावं कोणाची घेतात आणि कुठल्या क्रमाने, यावरून घराघरांत वर्षानुवर्षं अबोला चालतो. कुम्वेंडाच्या बातमीत तिन्ही मुलांची नावं हुद्द्यांसकट आली. पुतण्याचं आलं, कारण तो बँकेत आहे. न्यामोयोचं आलं नाही. न्यामोयो म्हणजे म्हाताऱ्याची दुसरी बायको. शेवटची सात वर्षं त्याला भरवलं, धुतलं, उन्हात आणून बसवलं ते तिनेच.

गुरुवारी तिसऱ्या तासाला मॅडमनी ती बातमी मोबाइलवर ऐकवली, मग वर्तमानपत्रात इंग्रजीत छापून आलेली तीच बातमी वाचायला दिली, आणि तेच तीन प्रश्न विचारले. मग कोणीतरी म्हणालं, न्यामोयोचं नाव नाही. मागच्या बाकावर मापोपा तोंडातल्या तोंडात पुटपुटला, “सगळे साहेब आठवले, न्सिमा ढवळणारी तेवढी विसरले.” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “मयताची बातमीसुद्धा कोणीतरी लिहिलेली असते. ती ऐकून रडा, पण वाचाही.”

भिंतीमागे माझ्या अंगावर काटा आला. बावीस वर्षांत माझ्या एकाही तासाला असं काही झालं नव्हतं. आणि मग लगेच मनात आलं, आता सापडली. मेलेल्या माणसाचं नाव वर्गात घेऊन त्याच्या घरातलं चव्हाट्यावर आणलं! हे गाव खपवून घेणार नाही.

त्याच संध्याकाळी मी पत्र लिहिलं. गावप्रमुखांच्या, म्हणजे आमच्या फुमूंच्या नावे, निनावी आणि इंग्रजीत. तुंबुका भाषेत लिहिलेली तक्रार म्हणजे आमच्याकडे नुसतं भांडण, इंग्रजीत लिहिली की ते प्रकरण होतं. सुरुवात ‘अत्यंत नम्रतेने आणि जड अंतःकरणाने’. गावातला शिकलेला प्रत्येक माणूस असंच लिहितो, तेव्हा माझ्यावर संशय येणार नाही, हा हिशेब. मॅडमचे पाच तास ओळीने लिहिले, सगळ्यात शेवटी मयताचा. दुसऱ्या दिवशी पहाटे फुमू न्यांगुलूंच्या ओसरीवर, त्यांच्या खुर्चीवर, दगडाखाली ठेवून आलो. घरी येऊन चहा घेतला. कितीतरी दिवसांनी चहा गोड लागला.

फुमूंनी शनिवारी बैठक बोलावली, शाळेच्या मैदानात, निलगिरीच्या झाडांखाली. पुरुष बाकांवर, बायका जमिनीवर कमरेची चितेंजे कापडं अंथरून. कुम्वेंडाचा थोरला मुलगा राजधानीहून, लिलोंग्वेहून गाडी घेऊन आला होता आणि हातातली किल्ली फिरवत उभा होता. मॅडम गोंद्वे एकट्याच एका बाजूला, ती मोठी पिशवी मांडीवर घेऊन. फुमूंनी पत्र वर धरलं.

“हे माझ्या खुर्चीवर सापडलं. नाव नाही. नाव नसलेलं पत्र म्हणजे माझ्या दारात कोणी काहीतरी पुरून ठेवल्यासारखं आहे. पण यात शिक्षिकेवर गाऱ्हाणं आहे असं कळतंय, म्हणून ऐकायला हवं. मला इंग्रजी येत नाही. वाचेल कोण?”

मी उठायला लागलो. इंग्रजी म्हटलं की मी उठतोच.

“तुम्ही बसा, सर,” फुमू म्हणाले. “शिक्षकावरचं गाऱ्हाणं शिक्षकाने वाचायचं नाही. वडीलधाऱ्याने वाचायचं नाही, तो आपलं मीठमसाला घालतो. मूल वाचेल. फॉर्म थ्रीत इंग्रजीत पहिलं कोण?”

हेडमास्तर म्हणाले, “टेम्वा म्सिस्का.”

अक्षर मी बदललं होतं, डाव्या हाताने लिहिलं होतं. तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली.

टेम्वा उभी राहिली. एक वाक्य इंग्रजीत वाचायची, मग तुंबुकात सांगायची. आवाज स्वच्छ. मंदासीचे कागद, हेडमास्तरांचा शर्ट (इथे लोक हसले, हेडमास्तरांनी कोटाची बटणं लावली), खोटा मेसेज, औषधाची बाटली, आणि शेवटी मयत. मापोपाचं वाक्यही मी पत्रात घातलं होतं, गावाला झोंबावं म्हणून. ते तिने वाचलं तेव्हा बायकांत कुजबुज उठली आणि कुम्वेंडाचा मुलगा पुढे आला.

“माझ्या बापाच्या मरणावर शाळेत चेष्टा? या बाईची आजच्या आज बदली झाली पाहिजे!”

“खरं आहे,” दोघेतिघे म्हणाले.

फुमू मॅडमकडे वळले. “तुम्हाला काय म्हणायचंय?”

मॅडम उभ्या राहिल्या. “पत्रात लिहिलंय ते झालंय, फुमू. मी त्यांना वाचायला शिकवते. आता हिने वाचलंच आहे, तर काय वाचलं तेही हिलाच विचारा. मग तुम्ही सांगाल ते करीन.”

“बोल पोरी. कोणी लिहिलंय हे?”

टेम्वाने पत्र पुन्हा उघडलं. ती घाबरलेली नव्हती. वर्गात असते तशीच होती ती, आणि वर्गातली टेम्वा मी तोवर कधी पाहिली नव्हती, फक्त ऐकली होती.

“फुमू, पत्रात ‘गावकरी दुखावले आहेत’ असं चार वेळा आहे. पण एकाही गावकऱ्याचं नाव नाही. म्हणजे लिहिणारा कोणाशी बोललेला नाही, तो एकटाच आहे.” तिने ओळीवर बोट ठेवलं. “हे मापोपाचं वाक्य. ते तो पुटपुटला होता. मी त्याच्या पुढच्या बाकावर, म्हणून मला ऐकू आलं. मॅडमना ऐकूच गेलं नाही. त्यांनी विचारलं, काय म्हणालास, तर तो म्हणाला, काही नाही. म्हणजे लिहिणारा मॅडमपेक्षा जवळ होता. मागच्या भिंतीच्या…”

ती थांबली. बोट कागदावर तसंच राहिलं. मागच्या भिंतीमागे काय आहे ते गावाला माहीत नव्हतं. शाळेला होतं. हेडमास्तरांनी आकाशाकडे पाहिलं.

“पुढे?” फुमू म्हणाले.

टेम्वाने बोट कागदावरून उचललं. बोलली तेव्हा आवाज खाली आला होता.

“पुढे असं, फुमू, की यात मॅडमचे पाच तास आहेत, ओळीने, काही न चुकता. बाटलीचा तास तर मीसुद्धा विसरले होते. ज्याला नुसता राग आलेला असतो, तो एक वाईट गोष्ट लक्षात ठेवतो. हा सगळं लक्षात ठेवतोय. कोण कुठला विनोद म्हणालं तेसुद्धा.” तिने कागदाची घडी घातली. “मला वाटतं, लिहिणाऱ्याला आमच्या वर्गात बसायचं होतं. आणि तसं म्हणायची त्याला लाज वाटली.”

कोणीतरी हसलं. मला वाटलं, सगळं मैदान माझ्याकडे पाहतंय. कोणीच पाहत नव्हतं. सगळे तिच्याकडे पाहत होते.

“पण माणूस कोण?”

“नाव पत्रात नाही, फुमू,” टेम्वा म्हणाली. “पत्रात नाही ते मी वाचून कसं सांगू?”

तिने मला वाचवलं, हे मला कळलं. आणि तरीही त्या क्षणी माझ्या मनात आलं ते हे, की एवढं वाचायला हिला मी शिकवलेलं नाही. सगळं गाव माझ्या लेकीकडे तोंड उघडं टाकून बघत होतं आणि ती विद्या त्या पिशवीवाल्या बाईची होती. लाजेने मेल्यासारखं झालं होतं, आणि त्या लाजेतसुद्धा मी जळतच होतो.

तेवढ्यात जमिनीवरून न्यामोयो उठली. गुडघ्यांवर हात टेकत, सावकाश. काळं फडकं डोक्याला होतं तिच्या.

“रेडिओने माझं नाव घेतलं नाही,” ती म्हणाली. “पेपरने घेतलं नाही. या मुलांच्या वर्गात घेतलं. यात माझ्या नवऱ्याचा अपमान झाला असेल, तर तो मलाच आधी कळायला हवा होता.” मग सावत्र मुलाकडे वळून, “तू बैस खाली. गाडी कोणी नेत नाही तुझी.”

तो बसला. फुमूंनी पत्र टेम्वाकडून घेतलं, न्यासोकोची शेगडी पेटलेली होती तिच्यात टाकलं आणि म्हणाले, “ज्याला नाव आहे त्याने बोलावं. आहे कोणी?”

मला नाव होतं. बावीस वर्षांचं नाव होतं. मी मूग गिळून बसलो. मॅडम गोंद्वे पिशवी सावरत माझ्या बाकासमोरून गेल्या, क्षणभर थबकल्या, “सर” एवढंच म्हणाल्या, रोज म्हणतात तसंच, आणि पुढे गेल्या.

घरी मी वाट पाहत होतो, टेम्वा काहीतरी विचारेल. ओरडेल, रडेल, निदान आईला सांगेल. तिने न्सिमा वाढला, पाणी दिलं, भांडी घासली. रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसली. सोमवार गेला. पुस्तकांच्या खोलीत मी पुन्हा गेलो नाही. एकेचाळीस पुस्तकं हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवली, किल्ली वर. मंगळवारी तिसऱ्या तासाला मी स्टाफरूममध्ये बसलो होतो, आणि लांबून त्या वर्गातला हशा येत होता. कशावर हसतायत ते कळत नव्हतं. तो तास मला जितका लांबला तितका आयुष्यात कुठला लांबला नाही.

दुपारी ती अंगणात गणवेश धूत होती. जेवताना नाही, चुलीपाशी नाही, शनिवारपासून तिच्या तोंडून मॅडमचं नाव निघालं नव्हतं. मी खुर्ची घेऊन जवळ बसलो. कधी नाही ते मीच विचारलं.

“टेम्वा, आज मॅडमनी काय शिकवलं?”

तिने वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

“का, अदादा? आज तुम्ही नव्हता तिथे?”

“नाही,” मी म्हणालो. खरंच नव्हतो त्या दिवशी. तिने मान हलवली, गणवेश पिळून दोरीवर टाकला आणि आत निघून गेली.